तीन महिने थांबा, मग आजारी पडा

गेल्या वर्षी ३ सप्टेंबरला आमच्या अभ्यासवर्गातली एक मैत्रीण नवऱ्याबरोबर कॅनडात उतरली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, कायम वास्तव्याचा परवाना हातात घेऊन. घरातली पहिली पदवीधर, वस्तीतली पहिली पासपोर्टवाली. निरोप द्यायला आम्ही पंचवीस-तीस जण गेलो होतो.

ऑक्टोबरच्या मध्यात तिच्या नवऱ्याला मुतखड्याच्या कळा सुरू झाल्या. मध्यरात्री रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात नेलं. उपचार झाले, दारातून कोणी परत पाठवलं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. पण पाठोपाठ बिल आलं. कॅनडात सरकारी आरोग्य विमा सगळ्यांना असतो असं आपण ऐकत आलोय. असतो, पण ब्रिटिश कोलंबियात नव्याने आलेल्याला तो लगेच मिळत नाही. ज्या महिन्यात आलात त्याचे उरलेले दिवस आणि त्यानंतरचे दोन पूर्ण महिने थांबायचं. म्हणजे ३ सप्टेंबरला आलेल्याचा विमा १ डिसेंबरला सुरू होणार. ३० सप्टेंबरला आला असता तरी १ डिसेंबरलाच. निघण्यापूर्वी घेतलेल्या खासगी विमा कंपनीने ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून हात वर केले, कारण चार वर्षांपूर्वी इथे एकदा सोनोग्राफी झाली होती. घर भाड्याने घेण्यासाठी नेलेले पैसे रुग्णालयात गेले.

ही हकिगत ग्रुपवर आली तेव्हा जे मेसेज पडले, त्यातले तीन आम्ही विसरलेलो नाही. एकाने लिहिलं, “नियम माहीत करून जायला हवं होतं.” दुसऱ्याने लिहिलं, “तिथे तीनच महिने, इथे सरकारी दवाखान्याच्या रांगेत जन्म जातो.” तिसऱ्याने लिहिलं, “देश त्यांचा, पैसा त्यांचा, अटी पण त्यांच्याच असणार.”

आम्ही हा लेख तिसऱ्या मेसेजसाठी लिहितोय. कारण हेच वाक्य गावच्या पाणवठ्यावर आपल्या आजोबांना ऐकवलं गेलं होतं. विहीर त्यांची, गाव त्यांचं, अटी त्यांच्या.

आधी नियम नीट समजून घेऊ. कॅनडात आरोग्यसेवा प्रांतांच्या हातात आहे, पण केंद्राकडून पैसा हवा असेल तर १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टच्या अटी पाळाव्या लागतात. त्यातली एक अशी की नव्या रहिवाशाला विम्यासाठी जास्तीत जास्त तीन महिने थांबवता येईल, त्याहून अधिक नाही. आता ही अट मुळात कशासाठी आहे ते बघा. अल्बर्टातला माणूस ब्रिटिश कोलंबियात राहायला गेला, तर त्या प्रतीक्षाकाळात त्याचा खर्च अल्बर्टाचा विमा उचलतो. एका प्रांताची जबाबदारी संपेपर्यंत दुसऱ्याची सुरू होत नाही, एवढाच हा हिशेब. माणूस एक दिवसही विम्याबाहेर राहत नाही. पण नागपूरहून, मनिलाहून किंवा लागोसहून आलेल्याला मागचा प्रांतच नसतो. त्याच्यासाठी तेच तीन महिने म्हणजे मोकळं आभाळ. नियम दोघांना एकच, दिवसही तेवढेच. एकासाठी ती कागदपत्रांची देवाणघेवाण आहे आणि दुसऱ्यासाठी कर्जाची सुरुवात. असमान माणसांना समान नियम लावला की काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

‘पैसा त्यांचा’ हा मुद्दाही तपासू. आमच्या मैत्रिणीने पहिल्याच आठवड्यात रजई घेतली, त्यावर विक्रीकर भरला. नोकरी लागली त्या दिवसापासून पगारातून प्राप्तिकर कापला गेला. करासाठी ती सप्टेंबरपासून रहिवासी, औषधासाठी मात्र डिसेंबरपासून.

दुसरा नेहमीचा मुद्दा, लोक फुकट उपचार घ्यायलाच येतील. कॅनडाचा परवाना मिळण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी होते. सरकारी आरोग्यसेवेवर फार मोठा बोजा पडेल असं वाटलं तर अर्ज नाकारण्याची तरतूद त्यांच्या कायद्यात आहे. (जोडीदार, मुलं आणि निर्वासित यांना त्यातून सूट आहे, पण तपासणी त्यांचीही होते.) स्थलांतर करणारे साधारणपणे तरुण आणि धडधाकट असतात, ही गोष्ट समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. चाळून, पारखून घेतलेल्या माणसाला पुन्हा तीन महिने संशयाच्या रांगेत उभं करण्यात खर्चाचा हिशेब कमी आणि ‘तू अजून आमचा नाहीस’ हे सांगणं जास्त आहे.

आणि हा हिशेब प्रत्यक्षात तपासून झाला आहे. ओंटारिओ प्रांताने तीन महिन्यांची अट १९९४ साली आणली. त्या वेळी तिथे सरकार होतं न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचं, कामगारांचा पक्ष म्हणवणाऱ्यांचं. त्याच साली परदेशी विद्यार्थ्यांनाही सरकारी विम्यातून बाहेर काढलं. मार्च २०२० मध्ये कोरोना आला आणि ओंटारिओने अट रातोरात काढून टाकली, कारण विषाणू परवान्याची तारीख बघून लागत नव्हता. त्यानंतर ती अट पुन्हा लावलेली नाही. प्रांत बुडाला नाही. मात्र साथीच्या काळात विमा नसलेल्या सर्वांसाठी, अगदी कागदपत्रं नसलेल्यांसाठीही, जी सोय केली होती ती ३१ मार्च २०२३ ला बंद केली. घाबरले तेव्हा दार उघडलं, भीती ओसरली तशी तळातल्यांसाठी लावून घेतलं.

क्वेबेकची गंमत वेगळी. तिथे तीन महिन्यांपर्यंतची प्रतीक्षा आहे, पण फ्रान्स, बेल्जियम, स्वीडन अशा सामाजिक सुरक्षेचा करार असलेल्या देशांचा विमा असणाऱ्याला ती लागत नाही. कोणत्या देशांशी आधी करार होतात, हे जगाच्या नकाशावर बोट फिरवलं तरी कळतं.

इथे आम्हाला बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमतेची मांडणी उपयोगी पडते. जातिव्यवस्थेची ताकद ‘वरचे विरुद्ध खालचे’ एवढ्यात नाही. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली बघायला कुणीतरी मिळतं, म्हणून कुणीच सगळा जिना मोडायला उठत नाही. आता हा कॅनडाचा जिना बघा. वर नागरिक. खाली प्रतीक्षा संपलेले परवानाधारक. त्याखाली प्रतीक्षेतले. मग कामाच्या व्हिसावरचे. मग परदेशी विद्यार्थी: ब्रिटिश कोलंबियाने २०२० च्या जानेवारीपासून आपल्या रहिवाशांचा विमाहप्ता बंद केला, आणि त्याच वेळी परदेशी विद्यार्थ्यांवर महिना ७५ डॉलरची आरोग्य फी लावली. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर किंवा नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपवर परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही पायरी ओळखून ठेवावी. आणि सर्वांत खाली कागद नसलेले. ग्रेनाडाहून आलेल्या नेल टूसाँ यांनी अनेक वर्षं कॅनडात काम केलं, आजारी पडल्या, केंद्राच्या आरोग्य योजनेसाठी कोर्टात गेल्या आणि २०११ मध्ये हरल्या. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने सांगितलं की त्यांच्या जगण्याच्या हक्काचा भंग झाला. २०२३ च्या सुरुवातीला त्या वारल्या.

आमच्या मैत्रिणीने डिसेंबरमध्ये मेसेज केला, “आता आपलं कार्ड आलं, सुटलो.” तिला दोष नाही. जिना असाच चढला जातो.

अमेरिकेचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण तिथे ही गोष्ट कोर्टात फार स्पष्टपणे लढली गेली. ॲरिझोना राज्यात नियम होता की गरीब रुग्णाला काउंटीच्या खर्चाने उपचार हवे असतील (तातडीचे सोडून), तर त्याने तिथे वर्षभर वास्तव्य केलेलं असलं पाहिजे. न्यू मेक्सिकोतून फिनिक्सला आलेल्या दम्याच्या एका गरीब रुग्णाला या नियमाने नाकारलं. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला. निकालपत्र लिहिलं थर्गूड मार्शल यांनी, त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. औषधोपचार ही जगण्याची मूलभूत गरज आहे, आणि नवा आला म्हणून ती नाकारणं म्हणजे माणसाला हलण्याचीच शिक्षा करणं आहे, असा त्याचा गाभा.

आपल्या सभांमध्ये हा निकाल मोठ्या आवाजात सांगावा असाच आहे. पण पुढचं पान उलटलं पाहिजे. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच न्यायालयापुढे क्युबातून आलेल्या निर्वासितांचा खटला आला. ज्येष्ठांच्या मेडिकेअर विम्याच्या एका भागासाठी परदेशी माणसाला कायम परवाना आणि सलग पाच वर्षांचं वास्तव्य अशी अट होती. न्यायालयाने ती वैध ठरवली. एकमताने. म्हणजे मार्शलही त्यात होते. राज्याची सीमा ओलांडणाऱ्या नागरिकाला एक वर्ष थांबवणं अन्याय, देशाची सीमा ओलांडणाऱ्याला पाच वर्षं थांबवणं चालेल. पुढे १९९६ च्या कायद्याने हीच पाच वर्षं ग्रीन कार्ड घेऊन आलेल्या बहुतेक गरिबांसाठी मेडिकेडलाही लागू झाली. २००९ पासून मुलं आणि गरोदर बायका यांना सूट द्यायची की नाही, ते राज्यांवर सोडलं.

आपल्या बाजूच्या माणसांनीही रेषा ओढलेल्या असतात, हे मार्शल यांच्याबाबतीत मान्य करणं सोपं आहे. बाबासाहेबांबाबत अवघड जातं. पण वादात समोरचा ते काढणारच, म्हणून आपणच काढू.

३० नोव्हेंबर १९४८. संविधान सभेत आजच्या अनुच्छेद १६ वर चर्चा चालू होती. सरकारी नोकरीसाठी वास्तव्याची अट ठेवता यावी का, हा प्रश्न होता. बाबासाहेब अटीच्या बाजूने बोलले. ज्यांची त्या प्रांतात मुळं नाहीत असे उडते पक्षी येऊन चांगल्या जागा टिपून निघून जावेत, हे बरोबर नाही, अशा आशयाचं ते बोलले. ‘भूमिपुत्र’वाले हे भाषण आनंदाने दाखवतात. गंमत अशी की त्याच महिन्याच्या ४ तारखेला, घटनेचा मसुदा मांडताना, त्यांनी गावाला स्थानिक संकुचितपणाचं डबकं म्हटलं होतं आणि घटनेने गाव टाकून व्यक्ती हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं.

आम्हाला यात विसंगती दिसत नाही, निदान मोठी नाही. नोकरीच्या जागा मोजक्या असतात. शिवाय सरकारी पद म्हणजे स्थानिक लोकांवर चालणारी सत्ता. ती कुणाच्या हाती जावी, यात त्या भूमीशी नातं पाहणं समजू शकतं. आणि तेवढ्यासाठीसुद्धा अट घालण्याचा अधिकार अनुच्छेद १६ (३) ने फक्त संसदेला दिला, राज्यांना नाही. मुतखडा हे पद नाही. तो कुणी टिपून नेत नाही.

उपचारांबाबत बाबासाहेबांच्या कारकिर्दीत काय आकार घेत होतं, तेही बघावं. ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत असताना, १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करायचं काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवलं गेलं. १९४४ मध्ये अहवाल आला, त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. आपल्या बोलीत ईएसआय. या योजनेत माणूस कुठला, किती वर्षांपासून इथे आहे, हे विचारत नाहीत. विमित नोकरीत लागल्या दिवसापासून उपचार मिळतात. आजारपणातल्या रोख भत्त्यासाठी मात्र ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पैशासाठी थांबायला लावा, उपचारासाठी नको, ही साधी विभागणी आपल्याच देशात चालू आहे. तिची मर्यादा वेगळी: साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापना आणि २१ हजारांपर्यंत पगार. नाक्यावरचा मजूर त्यात बसत नाही.

त्या मजुराबद्दल लिहायचं आम्ही बराच वेळ टाळतोय.

एप्रिलमध्ये आमच्या मदतकेंद्रावर एक गवंडी आणला गेला. बुंदेलखंडचा, अहिरवार समाजाचा. परांचीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. चार वर्षं महाराष्ट्रात कामाला. ठेकेदार फोन उचलत नव्हता. रेशनकार्ड उत्तर प्रदेशचं. महात्मा फुले जन आरोग्य योजना जुलै २०२३ च्या निर्णयानुसार राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली, संरक्षण पाच लाखांपर्यंत गेलं, याचं आम्ही स्वागतच केलं होतं. पण ‘राज्यातलं कुटुंब’ ठरणार महाराष्ट्राच्या रेशनकार्डावर किंवा अधिवास प्रमाणपत्रावर, आणि अधिवासासाठी सर्वसाधारण अट पंधरा वर्षं वास्तव्याची. कॅनडा तीन महिने म्हणतो. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी असती तरी चाललं असतं, पण तिला वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि जो ठेकेदार फोन उचलत नाही तो दाखला काय देणार.

आमचा एक कार्यकर्ता, चांगला, राबणारा मुलगा, म्हणाला, “दादा, आधी आपल्या लोकांचे पेपर होऊ देत. यांचे लोंढे रोजचेच आहेत.” आम्ही गप्प राहिलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी रांग मोठी होती आणि ते वाक्य आम्हाला सोयीचं वाटलं. गवंड्याच्या भावाने गावाकडून धावपळ करून आयुष्मान कार्ड काढलं. ते कार्ड देशभर चालतं ही केंद्राच्या योजनेतली खरोखर चांगली गोष्ट आहे, श्रेय द्यायला हवं. सुदैवाने कुटुंबाचं नाव यादीत होतं. शस्त्रक्रिया नवव्या दिवशी झाली. नऊ दिवस तो वजन बांधलेला पाय घेऊन पडून होता.

तो अहिरवार आहे हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. त्याच्या राज्यात तो अनुसूचित जातीचा. इथे त्याच्या दाखल्याला किंमत नाही: १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की एका राज्यातला अनुसूचित जातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. जात त्याच्याबरोबर रेल्वेने आली, जातीविरुद्धचं संरक्षण झाशीच्या फलाटावर राहिलं. आणि ‘आपल्या लोकांचे पेपर’ म्हणताना आम्ही ‘आपले लोक’ कसे मोजत होतो? आडनावाने, भाषेने की रेशनकार्डाच्या रंगाने?

यावर कुणी म्हणेल, राज्याचा पैसा राज्याच्या लोकांसाठी असावा, यात गैर काय. हाच युक्तिवाद दिल्ली सरकारने २०१८ मध्ये केला. एका सरकारी रुग्णालयात दिल्लीच्या मतदारांना प्राधान्य आणि बाहेरच्यांना जवळपास बंदी असं परिपत्रक काढलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जून २०२० मध्ये कोरोनाच्या ऐन भरात तेच पुन्हा करून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी नायब राज्यपालांनी तो आदेश फिरवला. रुग्णालयाच्या दारावर ही अट टिकत नाही असं दिसल्यावर ती आता विम्याच्या अर्जात जाऊन बसली आहे. तिथे ती कुणाला टोचत नाही. डॉक्टर नाही म्हणत नाही, संगणक म्हणतो.

आणि ‘राज्याचे लोक’ हा शब्द उलटाही फिरतो. बीडचा ऊसतोड मजूर दर हंगामात कर्नाटकात कोयता घेऊन जातो. त्यात आपली माणसं किती आहेत, ते मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांना विचारा. फडात बाईचं पोट दुखायला लागलं तर तिथल्या राज्याच्या योजनेपुढे ती कोण? तिथलं रेशनकार्ड तिच्याकडे नाही. ती कर्नाटकातली आमची मैत्रीण आहे, फक्त तिच्या कळा ग्रुपवर येत नाहीत.

ज्या योजनेला महात्मा फुल्यांचं नाव आहे, तिच्याबाबत एवढं तरी आठवावं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातून एक आजारी पोर पाठीवर घालून हडपसरजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं, आणि त्याच लागणीने त्या गेल्या. दवाखान्यात कुणी त्या मुलाचा दाखला पाहिल्याची नोंद नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. राज्याच्या योजनेत उपचारांसाठी वास्तव्याचा काळ मोजू नये. आज इथे राहतो आणि राबतो, याचा साधा पुरावा पुरावा. भाडेपावती, हजेरीपत्रक, मुलाच्या शाळेचा दाखला, काहीही. खर्चाची वसुली राज्याने त्या माणसाच्या मूळ राज्याकडून किंवा केंद्राकडून करावी. कॅनडाचे प्रांत एकमेकांत ते करतात, म्हणजे अशक्य नाही. ठेकेदाराच्या दाखल्याऐवजी मजुराची स्वयंघोषणा धरावी. हे निवेदन तयार आहे. ज्या जिल्ह्यातल्या साथींना आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं असेल त्यांनी आमच्याकडून प्रत घ्यावी. आपल्या भागात गेल्या वर्षभरात ‘महाराष्ट्राचं रेशनकार्ड नाही’ म्हणून किती जणांना परत पाठवलं, त्याची यादी जोडावी. नावं न लिहिता, गाव आणि आजार लिहून. नुसत्या निवेदनाला पोच मिळते, यादीला उत्तर द्यावं लागतं.

ज्यांनी ग्रुपवर कॅनडाविरुद्ध संतापाचे इमोजी टाकले त्यांनी यादीला आधी हात लावावा, ही विनंती. मैत्रिणीनेही तिथल्या स्थलांतरितांच्या संघटनेच्या बैठकीला जायला सुरुवात केली आहे. कार्ड आल्यावरही जातेय, हे विशेष.

आमच्या मदतकेंद्राच्या नोंदणी अर्जात पहिला रकाना होता ‘महाराष्ट्रात किती वर्षांपासून?’ तो आम्हीच छापून घेतला होता, सहा वर्षांपूर्वी, कुणी सांगितलं नव्हतं. मे महिन्यात नवे अर्ज छापले. पहिला रकाना आता ‘काय दुखतंय?’ हा आहे. जुने दीडशे अर्ज शिल्लक आहेत, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ही यादी लिहायला सुरुवात केली आहे. गेल्या रविवारपर्यंत बावीस नोंदी झाल्या.